तिसऱ्या म्हणजे नेमके काय? शिंपल्या, कालवे, शिनाणे आणि खुबे या नावांविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पाककृतीत आपण ‘तिसऱ्या’ हा शब्द वाचला. पुण्याच्या बाजारात विचारले तेव्हा विक्रेत्याने ‘शिंपल्या’ म्हणून काही दिले. त्यांचे छायाचित्र पाहून गोव्याच्या मैत्रिणीने ‘हे तर खुबे’ असे सांगितले. आणि शब्दकोश उघडला तर इंग्रजीतील क्लॅम, मसल आणि ऑयस्टर या तिन्ही शब्दांपुढे ‘शिंपला’ एवढेच लिहिलेले आढळले. तेव्हा तिसरी म्हणजे कोणता प्राणी, बाकीची नावे त्याचीच आहेत की वेगळ्या प्राण्यांची, आणि हा शब्द लिहिताना-बोलताना कसा चालवावा, हे आपल्याला हवे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील खाड्यांवर मत्स्यविस्ताराचे, म्हणजे मासेमारांपर्यंत शास्त्रीय माहिती पोचवण्याचे, काम करताना, तसेच त्या कामाची माहितीपत्रके मराठीत लिहिताना हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

तिसरी म्हणजे भरती-ओहोटीच्या खाडीत, वाळूत किंवा वाळूमिश्रित चिखलात स्वतःला पुरून घेऊन राहणारा, दोन सारख्या शिंपांचा (शिंप म्हणजे कवचाचा एक अर्धा भाग), खाण्याजोगा लहान शिंपला. इंग्रजीत अशा प्राण्याला क्लॅम म्हणतात. कालव आणि शिनाणे हे तिसरीचे प्रकार नव्हेत; ते खडकाला धरून राहणारे वेगळे प्राणी आहेत. खुबे, शिवल्या, मुळे ही नावे तिसरीच्या जवळच्या, वाळूत वा चिखलात राहणाऱ्या शिंपल्यांची आहेत आणि त्यांच्या सीमा गावागणिक थोड्या सरकतात. ‘शिंपला’ हा मात्र या सर्वांना पोटात घेणारा सामान्य शब्द आहे आणि बहुतेक घोटाळा त्याच्यामुळेच होतो.

एखादी ताजी तिसरी हातात घेऊन पाहिली तर पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. ती साधारण तीन ते चार सेंटिमीटर लांब असते. दोन्ही शिंपा आकाराने आणि खोलीने सारख्या असतात, आणि एका बाजूला काळपट तपकिरी, चिवट अशा बिजागरीने जोडलेल्या असतात. बिजागरीजवळच्या उंचवट्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत वाढीच्या रेषा एकामागून एक उमटलेल्या दिसतात. बोट फिरवल्यावर या रेषा स्पष्ट उंचसखल लागल्या तर तो शिंपला बहुधा पाफिया या गटातील असतो. कवच गुळगुळीत, चकचकीत आणि त्रिकोणाकडे झुकणारे असेल तर तो मेरेट्रिक्स असण्याचा संभव अधिक. आत पाहिले तर पांढऱ्या पृष्ठभागावर दोन टोकांना दोन ठसे दिसतात. कवच मिटून धरणारे दोन स्नायू तेथे चिकटलेले असतात. बिजागरीचा ताण मुळातच कवच उघडण्याच्या दिशेने असतो आणि हे दोन स्नायू त्या ताणाविरुद्ध कवच ओढून धरतात. म्हणून जिवंत तिसरी हात लागताच घट्ट मिटते, मेलेली आ वासून राहते, आणि शिजवताना स्नायू सुटले की कवच उघडते. बाजारात ‘मिटलेल्या बघून घ्या’ असे जे सांगतात त्याचे कारण एवढेच आहे.

शास्त्राच्या दृष्टीने ‘तिसरी’ हे एका जातीचे नाव नाही. रत्नागिरीच्या भाट्ये, काळबादेवी, शिरगाव या परिसरातील खाड्यांत तिसऱ्या म्हणून जे विकले जाते त्यात कॅटेलिशिया ओपिमा आणि पाफिया या गटातील जाती असतात, तर मेरेट्रिक्स गटातील मोठ्या शिंपल्यांना पुष्कळदा वेगळ्या नावाने ओळखतात. गोव्यात पाफिया मलबारिका आणि मेरेट्रिक्स कास्टा या दोन्ही जाती एकाच नावाखाली वाट्यात पडलेल्या दिसतात. ही शास्त्रीय नावेही आता बदललेली आहेत: कॅटेलिशिया ओपिमाला मार्शिया ओपिमा म्हणतात, आणि पाफिया मलबारिकाला प्रोटापेस गॅलस. जुने मराठी माहितीपत्रक आणि नवा इंग्रजी लेख एकत्र ठेवून वाचणाऱ्यास ही वेगवेगळ्या प्राण्यांची नावे आहेत असे वाटू शकते, म्हणून एवढा खुलासा केला. केरळमधील कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरातील याच पाफिया मलबारिकाच्या मासेमारीस २०१४ साली मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या, साठा राखून केलेल्या मासेमारीस मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले, आणि असे प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातील पहिली मासेमारी ठरली. तेथे तिला कक्का म्हणतात; निर्यातीच्या कागदांवर ती ‘शॉर्ट नेक क्लॅम’ असते. प्राणी एकच, मात्र कक्क्याचा उल्लेख मराठीत करताना ‘एक प्रकारचा शिंपला’ असे लिहिण्यापेक्षा ‘तिसरीची जात’ असे लिहिणे कितीतरी अचूक होईल.

मग नावे कशाच्या आधाराने पडली? माझ्या अनुभवाप्रमाणे किनाऱ्यावरच्या भाषेने या प्राण्यांचे वर्गीकरण ते कोठे राहतात आणि कसे काढावे लागतात यावरून केलेले आहे. वाळू-चिखलातून हाताने चाचपून उकरून काढायचे ते एका बाजूला, आणि खडकावरून फोडून किंवा खरवडून काढायचे ते दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या ‘काढायला’ किंवा ‘वेचायला’ जातात. कालवे ‘फोडायला’ जातात. ही क्रियापदे सहसा एकमेकांच्या जागी येत नाहीत. ‘आज तिसऱ्या फोडायला गेलो’ असे खाडीकाठी कोणी म्हणणार नाही, आणि एखाद्या लेखात तसे वाचले की लेखकाने हे काम जवळून पाहिलेले नाही हे लगेच कळते.

तिसऱ्या काढण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात आणि ते उधाणाच्या ओहोटीवर अवलंबून असते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे पाणी सर्वांत खाली उतरते आणि एरवी पाण्याखाली असणारे वाळूचे पट्टे उघडे पडतात. आपल्या किनाऱ्यावर या दिवसांत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते, म्हणून ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ अदमासाने मिळते, हा हिशोब कोकणात अनेकांना तोंडपाठ आहे: अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. त्यामुळे बाजारात तिसऱ्यांचे वाटे महिन्यातील काही दिवस मुबलक आणि काही दिवस मोजके दिसतात. तिसऱ्यांच्या पाणी ओढण्याच्या नळ्या आखूड असतात, त्यामुळे त्या फार खोल जाऊ शकत नाहीत. ‘शॉर्ट नेक’ या व्यापारी नावातील आखूड मान म्हणजे याच नळ्या. वाळूवर बारीक छिद्रे दिसली की खाली प्राणी आहे हे जाणती बाई ओळखते आणि बोटांनी तेवढीच वाळू उकरते. बसून, वाकून, कधी गुडघाभर पाण्यात पायाने चाचपत तासन्‌तास चालणारे हे काम आहे, आणि तिसऱ्या महाग झाल्या अशी तक्रार करणाऱ्याने ते एकदा तरी पाहावे असे मला मनापासून वाटते.

आता कालव. याला इंग्रजीत ऑयस्टर म्हणतात. कालवाची एक शिंप खोलगट असते आणि ती खडकाला पक्की चिकटलेली असते. दुसरी चपटी शिंप वर झाकणासारखी बसते. कवच खडबडीत, वेडेवाकडे आणि धारदार असते, आणि ते मिटून धरणारा स्नायू एकच असतो. ओहोटीला खडक उघडे पडले की टोकदार लोखंडी हत्याराने वरची शिंप उडवून आतले मांस भांड्यात गोळा करतात. म्हणून बाजारात कालवे बहुधा कवचाशिवाय, नुसते मांस म्हणून येतात, तर तिसऱ्या कवचासकट येतात. शहरातील खरेदीदारासाठी ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

‘कालव’ या शब्दाचे व्याकरण मात्र जपून हाताळावे लागते, कारण त्याच्या शेजारी दोन सारखे दिसणारे शब्द आहेत. ‘कालव’ नपुंसकलिंगी आहे. त्याचे अनेकवचन ‘कालवे’, बोलताना ‘कालवं’. पाण्याचा पाट या अर्थाचा ‘कालवा’ पुल्लिंगी आहे आणि त्याचेही अनेकवचन ‘कालवे’ असेच होते. सामान्यरूपात मात्र दोन्ही वेगळे होतात: प्राण्याचे ‘कालवांचे’, पाटाचे ‘कालव्यांचे’. म्हणून ‘कालव्यांची आमटी’ असे लिहिले तर व्याकरणाप्रमाणे ती सिंचनाच्या पाटांची आमटी होते. ‘कालवांची आमटी’ हे शुद्ध. तिसरा शब्द ‘कालवण’, म्हणजे भाताबरोबर खाण्याचे पातळ तोंडीलावणे. त्याचा या प्राण्याशी संबंध नाही. तो ‘कालवणे’ या क्रियापदापासून आला आहे. त्यामुळे कालवण तिसऱ्यांचेही असते, बोंबलांचेही असते, आणि ‘कालवांचे कालवण’ या प्रयोगात द्विरुक्ती नाही. मुंबईबाहेर वाढलेल्या तरुण वाचकांना ‘कालवण’ म्हणजे कालवांचाच पदार्थ असे वाटल्याचे मी पाहिले आहे, म्हणून पाककृती लिहिणाऱ्यांनी दोन्ही शब्द एका वाक्यात आणताना थोडी काळजी घ्यावी.

शिनाणे म्हणजे हिरवट कवचाचा, लांबट, एका टोकाला निमुळता होणारा शिंपला. शास्त्रीय नाव पेर्ना विरिडिस, इंग्रजीत ग्रीन मसल. सिंधुदुर्ग आणि गोव्यात हे नाव सर्रास चालते. गोव्यात त्याचे रूप ‘शिनाण्यो’ असे ऐकू येते, आणि रवा लावून तळलेल्या शिनाण्यो तेथे आवडीने खातात. हा प्राणी खडकाला चिकटतो, पण कालवासारखा कवचाने नव्हे. तो स्वतःच्या शरीरातून चिवट धागे काढतो आणि त्यांनी खडक धरून ठेवतो. साफ करताना कवचाच्या फटीतून बाहेर आलेली धाग्यांची जुडी ओढून काढावी लागते. तिसरीला अशी जुडी नसते. केरळमध्ये याच गटातील शिंपल्यांना कल्लुम्मक्काया म्हणतात आणि मलबार किनाऱ्यावर त्यांना मोठा मान आहे.

खुबे, मुळे आणि शिवल्या या नावांबाबत मी कोणालाही एका ओळीची व्याख्या देत नाही. गोव्यात खुबे म्हणजे बहुधा खाडीच्या वरच्या अंगाला, जेथे पाणी कमी खारट असते तेथे मिळणारा, जाड आणि काळपट कवचाचा शिंपला. त्याचे शास्त्रीय नाव विलोरिटा सायप्रिनॉइडीस. आपल्या गोव्याच्या मैत्रिणीने छायाचित्रातील काळपट रंग पाहून ‘खुबे’ म्हटले असेल तर तिच्या भाषेप्रमाणे ती बरोबर आहे. शिवल्या हे नाव मुंबईकडे आणि रायगड-रत्नागिरीच्या भागात अधिक ऐकू येते. मुळे हा शब्द मालवणी मुलखातील आहे आणि तोही वाळूतल्या शिंपल्यांसाठीच वापरतात. अशा शब्दांबाबत माझा नियम सरळ आहे: ज्या गावची पाककृती किंवा आठवण लिहिता, त्या गावचा शब्द ठेवा, आणि पहिल्याच उल्लेखात प्राण्याचे वर्णन अर्ध्या वाक्यात द्या. सर्व शब्द पुसून सगळीकडे ‘तिसऱ्या’ लिहिणे हे मला भाषेचे नुकसान वाटते, कारण त्या शब्दांत गोड्या आणि खाऱ्या पाण्यातला, वाळू आणि चिखलातला फरक साठवलेला आहे.

‘शिंपला’ या शब्दाकडे आता वळू. शिंप, शिंपी, शिंपला, शिंपली ही सारी एकाच कुळातील रूपे आहेत. प्राकृतात ‘सिप्पी’ असा शब्द होता आणि हिंदीतील ‘सीप’ही त्याच घरचा. या शब्दाचा पहिला अर्थ कवच हा आहे. आतला प्राणी हा त्याचा दुसरा अर्थ. वेदान्तात शुक्तिरजताचा दृष्टान्त येतो, म्हणजे शिंपीवर चांदीचा भास होतो, तेथे शिंपी म्हणजे चमकणारे कवच. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो या लोकसमजुतीतही शिंपला हे एक पात्र आहे. समुद्रकिनाऱ्यावर मुले शिंपले गोळा करतात ते रिकामे असतात. चुन्याच्या भट्टीत शिंपले भाजतात, कारण कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. यांपैकी कोठेही खाण्याचा संबंध येत नाही, आणि म्हणूनच ‘शिंपला’ हा ‘तिसरी’चा पर्याय म्हणून अपुरा पडतो. ‘शिंपल्या खाल्ल्या’ असे मुंबईत म्हणतात आणि ते चुकीचे नाही, पण तेथे संदर्भ जेवणाचा असतो म्हणून अर्थ लागतो. संदर्भ नसेल तर वाचक वाळूतल्या रिकाम्या कवचांकडे जातो.

हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही, याची दोन उदाहरणे माझ्या कामात वारंवार येतात. गोव्याच्या झुआरी खाडीत, चिखलीच्या भागात, प्लाक्युना प्लासेंटा नावाचा पातळ, चपटा, अर्धपारदर्शक कवचाचा शिंपला मिळतो. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेली कवचे याच शिंपल्याची. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत आहे. ‘खाडीतले शिंपले काढायला हरकत नाही’ असे मोघम वाक्य माहितीपत्रकात गेले तर त्यात तिसऱ्याही येतात आणि हा संरक्षित शिंपलाही येतो. ‘तिसऱ्या’ असे लिहिले तर हा प्रश्न उद्भवत नाही. दुसरे उदाहरण मोत्यांच्या शेतीचे. महाराष्ट्रात तळ्यांत मोती पिकवण्यासाठी लॅमेलिडेन्स नावाचे गोड्या पाण्यातील शिंपले वापरतात. ‘शिंपल्यांची शेती’ हे शब्द ऐकून कोणी तिसऱ्या आणून तळ्यात सोडण्याची भाषा करू लागला तर त्याला आधी हे सांगावे लागते की तिसरी निमखाऱ्या पाण्याची आहे, तळ्याच्या गोड्या पाण्यात ती तग धरत नाही. पावसाळ्यात खाडीत गोड्या पाण्याचा मोठा लोंढा येतो तेव्हाही तिसऱ्या मोठ्या प्रमाणात मरतात.

शब्द चालवण्याविषयी आपण विचारले आहे. ‘तिसरी’ हे स्त्रीलिंगी नाम आहे. एकवचन तिसरी, अनेकवचन तिसऱ्या. सामान्यरूपात ‘तिसऱ्यांचे’, ‘तिसऱ्यांना’, ‘तिसऱ्यांत’. व्यवहारात एकवचन क्वचितच येते, कारण कोणी एक तिसरी विकत घेत नाही; पण साफ करताना ‘ही तिसरी मेलेली दिसते’ असे म्हणावेच लागते आणि तेव्हा ‘हा तिसऱ्या’ म्हणणे चूक आहे. गोव्यात अनेकवचन ‘तिसऱ्यो’ होते आणि ते कोकणीच्या नियमाला धरून आहे. मराठी मजकुरात गोव्याचा पदार्थ सांगताना ते रूप तसेच ठेवायला माझी हरकत नसते.

अडचण येते ती क्रमवाचक ‘तिसरा’ या शब्दाशी. त्याची स्त्रीलिंगी आणि सामान्यरूपे नेमकी हीच आहेत: तिसरी मुलगी, तिसऱ्या दिवशी, तिसऱ्यांदा. ऐकणाऱ्याचा गोंधळ सहसा होत नाही, कारण क्रमवाचक शब्दापुढे नाम येते आणि प्राण्याचे नाव स्वतःच नाम असते. यंत्राचा मात्र होतो. ‘तिसऱ्यांचे सुके’ हे शीर्षक भाषांतराच्या यंत्रात घातल्यावर ‘तिसऱ्या क्रमांकाचे कोरडे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ मिळाल्याचे मी पाहिले आहे. म्हणून संकेतस्थळावर पाककृती देणाऱ्यांनी शीर्षकात ‘तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके’ असे जोडनाव द्यावे. वाचकाची गैरसोय होत नाही आणि शोधणाऱ्याला ती पाककृती सापडते. लेखनाची आणखी एक बाब: हा शब्द ‘ऱ्या’ने लिहायचा, ‘र्या’ने नाही. ‘तिसर्या’ असे लिहिले तर उच्चारात आधीच्या अक्षरावर आघात येतो आणि शब्द बदलतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र, हा भेद ज्याला कळतो त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. हिंदीसाठी बनवलेल्या कळफलकावर ‘ऱ्या’ पटकन सापडत नाही म्हणून ही चूक वाढली आहे, पण मराठीच्या कळफलकावर त्याची सोय आहे आणि ती वापरावी.

स्वयंपाकघराने या शब्दाला दिलेले काही प्रयोग जाणून घेण्यासारखे आहेत. त्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘एकशिपी’. तिसऱ्या कच्च्या असतानाच विळीच्या पात्यावर दोन शिंपांच्या फटीत धार घालून उघडतात. धार आतल्या दोन स्नायूंना कापते आणि कवचाचा विरोध संपतो. मग दोन्ही शिंपांना चिकटलेले मांस एका शिंपेत गोळा करून दुसरी शिंप टाकून देतात. हातात राहते ती एक शिंप आणि तिच्यात मांस, म्हणून एकशिपी. उघडताना निघणारे पाणी खाली ठेवलेल्या भांड्यात धरतात, थोडा वेळ निवळू देतात, आणि तळाशी बसलेली वाळू न ढवळता वरचे पाणी कालवणात घालतात. पदार्थाची सगळी चव त्या पाण्यात असते. उकडून उघडलेल्या तिसऱ्यांनाही काही जण आता एकशिपी म्हणतात. ते मला पटत नाही, कारण एकशिपीचे वैशिष्ट्य कच्च्या उघडण्यात आणि पाणी राखण्यात आहे. कालवांची एकशिपी होऊ शकत नाही हेही यावरून लक्षात येईल, कारण त्यांची एक शिंप खडकावरच राहिलेली असते. तिसऱ्या विकण्याचे माप पारंपरिक बाजारात ‘वाटा’ हे आहे, म्हणजे फळीवर मांडलेला एक ढीग. ‘दोन वाटे द्या’ असे मागतात. किलोवर विक्री शहरात वाढली आहे, आणि तेथे कवचाचे वजन धरून भाव द्यावा लागतो याची नव्या ग्राहकाला कल्पना असावी. घरी आणल्यावर त्या मिठाच्या पाण्यात काही तास ठेवाव्यात. जिवंत तिसऱ्या नळ्या बाहेर काढून आतली वाळू टाकतात. साध्या गोड्या पाण्यात ठेवल्या तर त्या मिटून राहतात आणि वाळू आतच राहते.

इंग्रजी शब्दांच्या मराठी प्रतिशब्दांविषयी माझी पसंती अशी. क्लॅमसाठी तिसरी, ऑयस्टरसाठी कालव, मसलसाठी शिनाणे. मोत्यांचा ऑयस्टर असेल तर मात्र ‘मोत्याचा शिंपला’, कारण कालव मोत्यांसाठी ओळखले जात नाही. कॉकल हा शब्द आपल्याकडे ज्या अनाडारा ग्रॅनोसासाठी वापरतात त्याच्या कवचावर बिजागरीपासून कडेकडे जाणाऱ्या ठळक उभे कंगोरे असतात, आणि रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे आतला द्रव तांबडा दिसतो. त्याला तिसरी म्हणू नये. स्कॅलॉपला रूढ मराठी शब्द नाही, आणि आपल्या बाजारात तो स्थानिक म्हणून येतही नाही, तेव्हा ‘स्कॅलॉप’ असेच लिहावे. ओढूनताणून नवे नाव करण्यात काही हशील नाही.

शेवटचा प्रश्न ‘शेलफिश’चा, आणि तो मी मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण येथे शब्द चुकला तर माणसाच्या जिवावर बेतू शकते. इंग्रजी ‘शेलफिश’मध्ये तिसऱ्या, कालवे, शिनाणे तर येतातच, शिवाय कोळंबी, खेकडे आणि शेवंडही येतात. पुष्कळदा माकूलही (स्क्विड) त्यातच धरतात, जरी त्याला बाहेरून कवच दिसत नाही. मराठीत या सर्वांना मिळून रोजच्या बोलण्यातला एक शब्द नाही. ‘शेलफिश’चे भाषांतर ‘शिंपले’ असे केले की कोळंबी आणि खेकडे गळतात. ‘कवचधारी जलचर’ असे पुस्तकी नाव दिले तर मासळी घेणाऱ्या बाईला ते कळत नाही. ऍलर्जीच्या बाबतीत हे दोन गट वेगळे सांगणे आवश्यक असते. कोळंबी-खेकड्यांचा गट म्हणजे क्रस्टेशियन, आणि तिसऱ्या-कालवांचा गट म्हणजे मृदुकाय, इंग्रजीत मोलस्क. युरोपीय संघाच्या नियमांत जाहीर करावयाच्या १४ घटकांत हे दोन गट स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यात मात्र केवळ क्रस्टेशियन गटाचा उल्लेख आहे. त्यामुळे परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबाने तेथील वेष्टनावर ‘शेलफिश नाही’ असे वाचले तरी त्यात तिसऱ्या किंवा कालवे नाहीत याची खात्री त्यातून मिळत नाही. घटकांची पूर्ण यादी वाचावीच लागते. दोन्ही गटांत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन ऍलर्जीस कारण ठरते आणि ते शिजवल्याने नाहीसे होत नाही, म्हणून एका गटाची ऍलर्जी असलेल्याने दुसरा गट डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊन पाहू नये.

तेव्हा खानावळीच्या फलकावर किंवा लग्नाच्या जेवणाच्या यादीत सूचना लिहायची असेल तर एकच मोठा शब्द न शोधता प्राण्यांची नावे लिहावीत: ‘या पदार्थात तिसऱ्या आहेत’, ‘या रश्श्यात कोळंबीचे पाणी आहे’, ‘कालवे तळलेल्या तेलातच हे वडे तळले आहेत’. डॉक्टरांकडे जातानाही ‘सीफूड चालत नाही’ असे न सांगता कोणता प्राणी खाल्ल्यावर, किती वेळाने आणि काय त्रास झाला हे त्याच्या घरगुती नावानिशी सांगावे, आणि डॉक्टर किनाऱ्यावरचे नसतील तर मोबाईलवर त्या प्राण्याचे छायाचित्र दाखवावे.